ज्या मैदानावर मन रमते, तिथेच नोकरी करावी का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

«मी मूळची सांगलीची. गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम. एस. करीत आहे. महाविद्यालयात असताना मी विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळत असे. येथे आल्यापासून संध्याकाळी इनडोअर ट्रॅकवर धावणे आणि हंगामात शनिवारी मैत्रिणींबरोबर विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना पाहणे, हेच माझे दोन विसावे आहेत. आता येत्या हंगामासाठी ॲथलेटिक विभागाने मला इव्हेंट ऑपरेशन्समध्ये ताशी पगाराचे विद्यार्थी-काम देऊ केले आहे. त्याच सुमारास रेक सेंटरनेही, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खेळ-व्यायामाच्या केंद्रानेही, इंट्राम्युरल (विद्यार्थ्यांच्या आपसांतल्या) सामन्यांसाठी पंच म्हणून विचारणा केली आहे. बाबा म्हणतात, तिकडे जाऊन दारावर तिकिटेच तपासायची होती तर एवढे कर्ज कशाला काढले? मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मात्र सुचवले की, एवढी आवड आहे तर स्पोर्ट मॅनेजमेंटकडेच वळावे. मला भीती वाटते ती वेगळीच. जिथे गेल्यावर मला मोकळे वाटते तिथेच हजेरी लावून उभी राहू लागले, तर माझा म्हणून काही विसावा उरेल का?»

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही जी भीती मांडली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण वडिलांचा आक्षेप आणि मुलाखतीतला सल्ला या दोन्हींचे उत्तर बरेचसे तिच्याशीच बांधलेले आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. धावणे आणि सामना पाहणे हे दोन्ही विसावे तुम्ही एकाच घरातले धरून चालला आहात, आणि बहुधा तसे नाही.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत जिमखाना एकच असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ निवडला जातो तो तिथूनच, आणि दोन तासांच्या मधल्या वेळेत कॅरमच्या सोंगट्या किंवा टेबल टेनिसची बॅट मागायला जायचे तेही तिथेच. ओळखपत्र ठेवून घेऊन सामान देणारे मामासुद्धा दोघांना तेच. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत हे दोन संसार फार पूर्वी वेगळे झाले. ॲथलेटिक विभाग हा एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली इतर विद्यापीठांशी खेळणाऱ्या संघांचा विभाग असतो, आणि चाळीस-पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात अशा संघांत खेळणारे विद्यार्थी काहीशे, फार तर हजाराच्या आसपास असतात. उरलेल्या सगळ्यांच्या खेळण्याची, धावण्याची, पोहण्याची सोय रिक्रिएशन विभाग करतो, आणि तिचा खर्च बहुतेक ठिकाणी तुमच्या शुल्कातूनच वसूल झालेला असतो. मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांनी १९१३ मध्येच इंट्राम्युरल खेळांसाठी, म्हणजे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आपसात संघ करून खेळण्यासाठी, स्वतंत्र व्यवस्था सुरू केली होती, आणि मिशिगनने १९२८ मध्ये ॲन आर्बर येथे केवळ त्या कामासाठी एक इमारतही उभारली. तेव्हा तुम्ही ज्या ट्रॅकवर धावता तो या दोहोंपैकी कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहा. तो रेक सेंटरच्या इमारतीत असेल, तर तुमच्यापुढचा पेच तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच सोपा आहे.

सोपा अशासाठी की, दोन्ही कामे तुमच्याकडून एकच गोष्ट मागत नाहीत. ॲथलेटिक विभागाचे काम स्वीकारले तर तुमचे सामना पाहणे जाईल. रेक सेंटरमध्ये पंच झालात तर तुमचे खेळणे धोक्यात येईल, कारण ज्या दाराने तुम्ही संध्याकाळी पळायला आत शिरता त्याच दाराने कधी शिट्टी आणि स्कोअरचे कागद घेऊन शिराल, वरिष्ठ तिथेच भेटतील, आणि काल बाद ठरवलेला खेळाडू शेजारच्या ट्रेडमिलवर असेल. माझे मत विचाराल तर पाहणे सोडता येते, खेळणे सोडू नये. सामना टीव्हीवरही दिसतो आणि पुढच्या वर्षीही दिसतो; पण परक्या देशात, कर्ज आणि परीक्षा डोक्यावर असताना, रोजचा पाऊण तास जो फक्त तुमच्या पायांचा असतो, त्याची भरपाई दुसऱ्या कशाने होत नाही. म्हणून माझा कौल ॲथलेटिक विभागाच्या कामाला आहे, आणि तो काही अटींवर आहे.

त्या अटींकडे वळण्याआधी हा विभाग म्हणजे काय चीज आहे, ते थोडे खोलात सांगते, कारण बाहेरून आपल्याला दिसतो तो फक्त बँड, झेंडे आणि आरडाओरडा. विद्यापीठीय खेळ ही विद्यार्थ्यांची निव्वळ करमणूक होती आणि पुढे तिच्यात पैसा घुसला, असे हळहळून सांगितले जाते. ते फारसे खरे नाही. अमेरिकेतील पहिली आंतरविद्यापीठीय स्पर्धा म्हणून जिची नोंद होते, ती १८५२ सालची हार्वर्ड आणि येल यांच्यातली नौकाशर्यत एका रेल्वेमार्गाच्या अधिकाऱ्याने भरवली होती. न्यू हॅम्पशायरमधल्या एका सरोवराकाठी पर्यटकांनी आपल्या गाडीने यावे म्हणून त्याने दोन्ही संघांच्या मुक्कामाचा खर्च उचलला. म्हणजे एकाची सुट्टी आणि दुसऱ्याचा धंदा ही जोडी इथे पहिल्या दिवसापासूनचीच आहे. आज मिशिगनच्या मैदानाची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे, आपल्या वानखेडेच्या तिपटीहून अधिक, आणि ते मैदान वर्षातून सहा-आठ शनिवारी फुटबॉलसाठी भरते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल नसून सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. हे वडिलांना मात्र आत्ताच सांगू नका, त्यांचा भलताच समज होईल.

आणि तिथले खेळाडू तरी खेळतात की नोकरी करतात, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. डार्टमथ महाविद्यालयाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेत सामील होण्याचा निर्णय घेतला होता. वर्षअखेरीस संघटनेच्या मान्यतेसाठीचा अर्ज मागे घेण्यात आला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आणि पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. तेव्हा ‘माझ्या आनंदाच्या जागी हजेरी आली तर काय उरेल’ हा तुमचा प्रश्न त्या इमारतीत एकट्या तुम्हालाच पडलेला आहे, असे समजू नका. तो तिथल्या अठरा वर्षांच्या जलतरणपटूलाही पहाटे साडेपाचला तलावाच्या काठावर पडत असतो.

आता प्रत्यक्ष काम. इव्हेंट ऑपरेशन्समध्ये सामन्याच्या चार-पाच तास आधी हजर व्हावे लागते. रेडिओ घ्यायचा, कानात यंत्र अडकवायचे, आपल्याला नेमून दिलेल्या दारापाशी कठडे आणि फलक लागले आहेत की नाहीत ते पाहायचे, स्कॅनर चालू करून चाचणीपुरते एक तिकीट तपासायचे, पारदर्शक नसलेली पिशवी घेऊन आलेल्या आजोबांना ती गाडीत ठेवून या असे शांतपणे सांगायचे, आणि त्यांचे बोलणे ऐकून घ्यायचे. वीज चमकली की सामना थांबतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे कोणालाही मैदानावर घेता येत नाही. मधल्या काळात पुन्हा एकदा चमकली की मोजणी पहिल्यापासून. त्या अर्ध्या तासात चिडलेल्या, भिजलेल्या हजारो लोकांना निवाऱ्याकडे वळवणे हे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम असते, आणि ते बहुतांशी तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतले जाते. सामना कोण जिंकते आहे, हे तुम्हाला आतून येणाऱ्या गर्जनेवरून ओळखावे लागेल. लग्नात पंगत वाढणाऱ्याला सनई ऐकू येते, पण मंगलाष्टकांच्या वेळी तो मुदपाकखान्यातच असतो, तशातला हा प्रकार आहे.

मात्र या विभागात दारावर उभे राहण्याखेरीज बरेच काही आहे, आणि संधी मिळेल तेव्हा तेही पाहून घ्यावे, असे मी सुचवीन. सर्वांत आधी इक्विपमेंट रूम पाहा. तिथे प्रत्येक खेळाडूच्या नावावर क्रमांक घातलेला एक पट्टा असतो. सराव संपला की खेळाडू आपले मोजे, बनियन, चड्डी त्या पट्ट्यात ओवतो, बक्कल लावतो आणि टोपलीत टाकतो. पट्टा न सोडवता सगळे तसेच यंत्रात धुतले जाते, तसेच वाळवले जाते आणि पुन्हा त्याच क्रमांकाच्या लॉकरवर टांगले जाते. शंभराहून अधिक खेळाडूंचे कपडे रोज धुऊनही एकाचा मोजा दुसऱ्याकडे जात नाही. त्या खोलीत कोणी जयघोष करत नाही, पण विभागाची शिस्त मला तिथे जेवढी दिसते तेवढी कुठल्याही चकचकीत सभागृहात दिसत नाही.

तुमच्या दृष्टीने मात्र खरे दालन आहे ते आकडेवारीचे. प्रत्येक सामन्याला नोंदणी करणारा एक चमू बसतो: एकजण पाहून मोठ्याने सांगतो, दुसरा संगणकावर टिपतो, तिसरा त्यावर नजर ठेवतो. फुटबॉल आणि बास्केटबॉलसाठी अनुभवी माणसे ठरलेली असतात. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल अशा खेळांना मात्र माणसांची कायम चणचण असते. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी स्वतःहून विचारायला गेली तर सहसा तिला कोणी परत पाठवत नाही. शिवाय तिकीटविक्रीचे अंदाज, कोणत्या दाराने किती वाजता किती लोक आत आले याच्या नोंदी, हा सगळा माल तिथे पडून असतो आणि तो नीट वाचणारे माणूस अनेक विभागांकडे नसते. अर्थात विभागाची माहिती स्वतःच्या प्रकल्पासाठी वापरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

आता अटी. यातली पहिली अट तासांची आहे आणि तिच्यात सूट नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना तुम्हाला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि आवारातील सर्व कामांचे तास मिळून २० धरले जातात. दोन्ही कामे थोडी थोडी करू, असे जे मनात असेल, त्याचा हिशेब म्हणूनच जपून करावा लागेल. गंमत अशी की एन.सी.ए.ए.नेही खेळाडूंच्या सरावावर हंगामात आठवड्याला २० तासांचीच मर्यादा घातली आहे, पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो त्यांच्या हिशेबात ३ तासांचाच धरला जातो, आणि प्रवास, स्नायूंवरचे उपचार वगैरे पुष्कळ गोष्टी त्यात मोजल्याच जात नाहीत. त्यामुळे त्या इमारतीत २० तास हा शब्द सैलसर वापरण्याची सवय आहे. तुमच्या बाबतीत तो सैल नाही. सामन्याच्या एका दिवसाचे ९-१० तास म्हणजे तुमचा अर्धा आठवडा संपला. फुटबॉलचा सामना शनिवारी आणि व्हॉलीबॉलचा रविवारी असेल तर विद्यापीठाचा कामाचा आठवडा कोणत्या वारी बदलतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक हवे, कारण त्यावरच ते तास एका आठवड्यात पडतात की दोन, हे ठरते. पर्यवेक्षक प्रेमाने म्हणतील, ‘आज अर्धा तास थांब, पुढच्या आठवड्यात लिहू.’ थांबू नका. चुकीची नोंद त्यांच्यासाठी कारकुनी बाब असते, तुमच्यासाठी ती व्हिसाची बाब होते. सत्रांमधल्या अधिकृत सुट्टीत मात्र पूर्ण वेळ काम करता येते, आणि डिसेंबर-जानेवारीत बास्केटबॉल जोरात असतो, तेव्हा हात आखडता घेण्याचे कारण नाही.

याच अटीला जोडून दोन सूचना. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत ‘तोवर स्वयंसेवक म्हणून ये’ असे कोणी म्हटले तर नकार द्या. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते काम फुकट करणे हे व्हिसाच्या नियमांत स्वयंसेवा ठरत नाही. दुसरे म्हणजे, मैदानातील खाद्यपदार्थांचे गाळे पुष्कळदा बाहेरची कंपनी चालवते. तिथे जास्त पैसे मिळतात म्हणून मैत्रिणी बोलावतील. मालक विद्यापीठ आहे की कंपनी, आणि ते काम आवारातील काम म्हणून चालते का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ई-मेलवर लेखी आल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

दुसरी अट तुमच्या शनिवारांची. सामन्यांच्या तारखा बऱ्याच आधी कळतात, पण वेळा टीव्ही वाहिन्यांच्या सोयीने ठरतात. अनेक सामन्यांची वेळ १२ दिवस आधी, आणि काहींची तर अवघे ६ दिवस आधी जाहीर होते. दुपारी बाराचा सामना असेल तर तुम्ही पहाटे बाहेर पडाल आणि संध्याकाळी अभ्यासाला बसू शकाल. सायंकाळी साडेसातचा असेल तर मध्यरात्र उलटून जाईल आणि रविवारही हातचा जाईल. हा हंगाम ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत चालतो, म्हणजे गणपती, नवरात्र आणि बहुतेक वेळा दिवाळीही त्यातच येते, आणि इथली महाराष्ट्र मंडळे आपले कार्यक्रम शनिवार-रविवारीच घेतात. घरापासून लांब पहिल्या-दुसऱ्या वर्षात मंडळाची आरती आणि तिथला प्रसाद यांचे मोल काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा कामावर रुजू होताना, नंतर नव्हे, एका शनिवारची रजा मागून ठेवा. रुजू होतानाची विनंती सहज मान्य होते. आयत्या वेळी केली की ती कामचुकारपणा वाटते.

तिसरी अट जिभेची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे खेळाच्या गप्पा म्हणजे घरचीच बाब समजली जाते. ॲथलेटिक विभागात पाऊल टाकले की तुम्ही प्रेक्षक उरत नाही. मुख्य क्वार्टरबॅकचा, म्हणजे फुटबॉल संघाच्या चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूचा, गुडघा सुजलेला तुम्हाला उपचारकक्षाच्या दारातून दिसला आणि तुम्ही रात्री मैत्रिणीला सहज सांगितले, तर ती बातमी सट्टा लावणाऱ्याच्या कामाची असते. अशी आतली माहिती बाहेर देणे आणि महाविद्यालयीन खेळांवर पैसे लावणे, या दोन्हींना एन.सी.ए.ए.च्या नियमांनुसार विभागातील कर्मचाऱ्यांना बंदी आहे, आणि बहुतेक विभाग विद्यार्थी-कामगारांनाही तोच नियम लावतात. मार्च महिन्यात बास्केटबॉल स्पर्धेच्या वेळी वसतिगृहात विजेते ओळखण्यावर पाच-पाच डॉलर लावण्याचा जो निरुपद्रवी खेळ चालतो, तोही यात येतो. खेळाडूंकडे स्वाक्षऱ्या, छायाचित्रे मागू नयेत, मिळालेला पास विकू नये. आणि तुम्ही गणितात हुशार आहात हे कळल्यावर कोणी खेळाडू गृहपाठ ‘जरा बघून दे’ म्हणाला तर हसून बाजूला व्हावे. मिसुरी विद्यापीठात एका शिकवणी देणाऱ्या व्यक्तीने १२ खेळाडूंचा अभ्यास स्वतः करून दिला, आणि त्यापायी जानेवारी २०१९ मध्ये त्या विद्यापीठाच्या काही संघांवर हंगामोत्तर स्पर्धांची बंदी आली. मदत करावीशी वाटली तर विभागाच्या शैक्षणिक साहाय्य केंद्रात रीतसर नाव नोंदवून करावी.

आता स्पोर्ट मॅनेजमेंटकडे वळावे का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. त्या बाईंनी सुचवले ते आपुलकीनेच, पण त्या तुमचा पासपोर्ट आणि व्हिसा डोळ्यांपुढे ठेवून बोलत नव्हत्या. संख्याशास्त्राची पदवी घेतल्यावर सध्याच्या नियमांनुसार तुम्हाला १२ महिन्यांचे ओ.पी.टी. (शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी) आणि त्यावर २४ महिन्यांची स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदव्यांसाठीची, मुदतवाढ मिळू शकते; स्पोर्ट मॅनेजमेंटच्या पदवीवर सर्वसाधारणपणे १२ महिनेच मिळतात. विद्यापीठात नोकरी लागली तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून आणि सोडतीतून सूट असते, हे खरे आहे आणि कोणी ना कोणी तुम्हाला हे सांगेलच. परंतु त्या व्हिसासाठी त्या पदाला विशिष्ट विषयाची पदवी आवश्यक असावी लागते, आणि ॲथलेटिक विभागातील सुरुवातीची पुष्कळशी पदे तशी नसतात. तिथे उमेदवारीचा काळ लांब, पगार थोडा आणि शनिवार-रविवार कायमचे गहाण, अशी एकूण रीत आहे. त्यातच खेळाडूंना द्यायचा पैसा आता याच तिजोरीतून जाणार असल्यामुळे विभागांना इतर खर्च आवळावे लागत आहेत. उलट संख्याशास्त्रज्ञ म्हणून तुम्ही उद्या याच क्षेत्रात विश्लेषणाच्या कामाला येऊ शकता, आणि त्याला तिथल्या कारभाराचा अनुभव जोडलेला असला तर अधिक बरे. त्या दारातून आत जाताना तुमच्या हातात दुसरीकडे जाण्याचाही पर्याय असेल, आणि पगार ठरवताना त्याचा उपयोग होतो.

राहिला वडिलांचा आक्षेप. तिकिटे तपासण्यात कमीपणा आहे, हे त्यांचे म्हणणे मी बाजूला ठेवते. अमेरिकेत डॉक्टरांची आणि प्राध्यापकांची मुलेही असली कामे करतात आणि पुढे नोकरीच्या अर्जात ती अभिमानाने लिहितात. पण त्यांच्या वाक्यात कर्जाचा उल्लेख आहे, तो मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ताशी १५ डॉलर मिळतील असे धरले तरी सत्र चालू असताना आठवड्याची कमाई कर कापण्यापूर्वी ३०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. एवढ्यात किराणा आणि फोनचे बिल निघेल, कर्ज फिटणार नाही. हे आकडे तुम्ही स्वतःच त्यांच्यापुढे मांडा, म्हणजे हे काम कर्ज फेडण्यासाठी नसून महिन्याचा वरखर्च त्यांच्याकडे मागावा लागू नये म्हणून आहे, हे त्यांना कळेल. संशोधन साहाय्यक किंवा अध्यापन साहाय्यक म्हणून शुल्कमाफीसह जागा मिळण्याची शक्यता तुमच्या विभागात असेल, तर तिच्यासाठी आधी प्रयत्न करा आणि ती मिळताच मैदानावरचे काम बिनदिक्कत सोडा. तिथे विसाव्याचा प्रश्नच येत नाही, हजारो डॉलरचा येतो. ॲथलेटिक विभागातही पदव्युत्तर साहाय्यकाच्या अशा जागा कधीमधी निघतात, त्यांची चौकशी करून ठेवायला हरकत नाही.

आणि खेळाच्या वाटेने अमेरिकेतील विद्यापीठात गेलेल्या मराठी मुलीचे उदाहरण त्यांना हवेच असेल, तर ऋतुजा भोसले हिचे नाव घ्या. ती टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या टेनिस संघाकडून खेळली आणि पुढे हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवून आली. तुमची वाट तिच्यासारखी नाही, हे त्यांनाही कळते. पण असल्या विभागाच्या इमारतीत काय घडते, याची त्यांना निदान कल्पना येईल.

रेक सेंटरला पंचगिरीसाठी नम्र नकार कळवताना त्याच ई-मेलमध्ये इंट्राम्युरल संघाच्या नावनोंदणीची तारीख विचारा, कारण संघ नसलेल्या विद्यार्थ्यांना एखाद्या संघात सामावून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. खो-खो मिळणार नाही, पण फ्लॅग फुटबॉलमध्ये कंबरेचा पट्टा हिसकावून घेणाऱ्याला चुकवत पळायचे असते, आणि ज्या मुलीने पाठलाग करणारीला हुलकावणी देत कोर्टावर मिनिटे काढली आहेत तिला त्यात शिकण्यासारखे फारसे उरत नाही. हे सामने बहुधा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी असतात, त्यामुळे तुमच्या शनिवारांशी त्यांचा झगडा होणार नाही. ॲथलेटिक विभागाला होकार कळवण्याआधी कामाचा आठवडा, रजेचा शनिवार आणि तासांची लेखी नोंद या तीन गोष्टी पर्यवेक्षकांना विचारून घ्या. उत्तरे समाधानकारक असतील तर ऑगस्टमध्ये रुजू व्हा, आणि नसतील तर आणखी एक हंगाम मैत्रिणींबरोबर वरच्या रांगेत बसून काढा.